घोडमाश्यांच्या जवळच्या जाती वेगळ्या कशा ओळखायच्या?

रानवाट
नमस्कार मंडळी. गुरांभोवती घोंघावणाऱ्या त्या मोठ्या चावऱ्या माश्या, घोडमाशी म्हणा नाहीतर गोमाशी, त्यांचे फोटो मी बऱ्यापैकी जमवलेत आणि काही मेलेल्या माश्या टाचणीवर लावूनही ठेवल्यात. अडचण अशी की सगळ्या सारख्याच दिसतात. १५ मिमीच्या आसपास लांबी, राखाडी तपकिरी रंग, पोटावर मधोमध फिकट त्रिकोणांची रांग. काहींच्या पोटाच्या बाजू तांबूस आहेत, काहींच्या नाहीत. ओळखायच्या अ‍ॅपवर टाकलं तर एकाच माशीचे दोन फोटो दोन वेगळी नावं देतात आणि दोन्ही ठामपणे. मला नाव लावायची घाई नाहीये, पण बघायचं काय हे तरी कळू दे. पोटावरचे त्रिकोण मोजायचे, पंख बघायचे की अजून काही? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कीटकवेडा
छान विषय. आधी एक तपासून घ्या, घोडमाशीच आहे ना? पंखाच्या टोकाजवळ एका शिरेला फाटा फुटतो आणि त्या फाट्याच्या दोन शाखा पंखाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना जातात, म्हणजे टोक बरोब्बर फाट्याच्या मध्ये येतं. हे दिसलं आणि पंखाच्या बुडाशी मोठे पांढुरके पडदे दिसले की घराणं पक्कं, टॅबॅनिडी. जगात या घराण्याच्या ४००० च्या वर जाती आहेत आणि एकट्या टॅबॅनस जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) हजाराच्या वर, त्यामुळे "सगळ्या सारख्याच दिसतात" हे तुमचं एकट्याचं दुखणं नाही :)

पंखशीर
रानवाट, तुम्ही त्रिकोणांपासून सुरुवात केलीत आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. माझं मत स्पष्ट आहे, घोडमाशीचं पोट सगळ्यात शेवटी बघायचं. आधी डोकं. जवळच्या जाती वेगळ्या करणारी बहुतेक खरी माहिती दोन डोळ्यांच्या मधल्या त्या काही मिलीमीटरमध्ये आहे, पोट फक्त त्याला दुजोरा देतं.

का ते सांगतो. पोटावरचे फिकट त्रिकोण हे बरेचदा कातडीचा रंग नसतातच, बारीक फिकट केस आणि राखेसारखी जी पूड अंगावर असते तिच्यामुळे ते उठून दिसतात. माशी म्हातारी झाली, गवतात घासली गेली, जाळ्यात धडपडली की केस झडतात, पूड जाते आणि त्रिकोण बारीक होत होत नाहीसे होतात. म्हणजे एकाच जातीची ताजी माशी आणि झिजलेली माशी शेजारी ठेवली तर कुणीही दोन जाती म्हणेल. उलट कोषातून नुकती बाहेर आलेली माशी मऊ आणि फिकट असते, ती तिसरीच वाटते. तांबूस बाजूंचंही तसंच, हायबोमिट्रा जीनसमध्ये एकाच जातीत तो तांबूस पट्टा एकीत पसरलेला तर दुसरीत जेमतेम असतो.

तर क्रम असा ठेवा. आधी नर की मादी. दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना चिकटलेले असतील तर नर, मध्ये पट्टी असेल तर मादी. हे पहिलं कारण ओळखीचे जवळपास सगळे तक्ते मादीसाठी लिहिलेले असतात आणि नराला त्यात कोंबलं की पहिल्या पायरीवरच चुकीच्या बोळात शिरता.

मग जीनस. इथे घाई करायची नाही.

क्रायसॉप्स असेल तर डोक्यावर मधोमध तीन साधे डोळे स्पष्ट दिसतात, मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला दोन काटे असतात, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लांब आणि पंखावर गडद आडवा पट्टा. डोळे हिरवे सोनेरी, त्यावर ठिपके.

हिमॅटोपोटाचे पंख राखाडी आणि त्यावर पांढऱ्या नक्षीची चित्रं, बसताना पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटलेले. कपाळ रुंद आणि त्यावर मखमली काळ्या ठिपक्यांची जोडी. आवाज न करता येऊन चावते ती बहुधा हीच.

राहिले टॅबॅनस, हायबोमिट्रा आणि अ‍ॅटिलोटस, तुमच्या माश्या यातल्याच दिसतायत. हायबोमिट्राच्या डोळ्यांवर बारीक केस असतात आणि मादीच्या डोक्याच्या माथ्यावर एक छोटा उंचवटा असतो. टॅबॅनसचे डोळे बहुतेक वेळा तुळतुळीत, उंचवटा नाही. बहुतेक वेळा म्हणतोय कारण टॅबॅनस क्वाट्युऑरनोटॅटससारख्या काही जातींच्या डोळ्यांवर केस असतात, म्हणून केस आणि उंचवटा दोन्ही बघा, एकावर भरोसा नको. अ‍ॅटिलोटसचे डोळे सुकल्यावर फिकट पिवळट तपकिरी राहतात, बाकीच्यांचे काळपट पडतात, आणि कपाळावरचे चकचकीत उंचवटे अगदी लहान किंवा जवळपास नसतातच.

कपाळाबद्दल पुढच्या पोस्टमध्ये, ते मोठं आहे.

नवखी_निरीक्षक
वाखु साठवली. डोळ्यांवरचे केस नुसत्या डोळ्यांनी दिसतात का?

पंखशीर
साध्या १० पटीच्या भिंगाखाली दिसतात, पण समोरून बघून नाही. माशी अशी फिरवायची की डोळ्याची कड उजेडाच्या विरुद्ध येईल, मग कडेवर केसांची झालर दिसते. नरात हे केस लांब असतात, मादीत आखूड.

पंखशीर
आता कपाळ. मादीच्या दोन डोळ्यांमधली उभी पट्टी म्हणजे फ्रॉन्स. तिच्यावर खालच्या बाजूला एक चकचकीत, पूड नसलेला उंचवटा असतो तो खालचा कॅलस, आणि त्याच्या वर बरेचदा एक बारीक रेघ किंवा थेंबासारखा मधला कॅलस. बघायच्या गोष्टी या: पट्टीच्या कडा समांतर आहेत की वरती रुंदावत जातायत, कॅलस दोन्ही बाजूंनी डोळ्यांना टेकतो की मध्ये फट राहते, तो चौकोनी आहे की उभा लांबट, आणि वरचा भाग त्याला जोडलेला आहे की सुटा. कॅलसच्या खाली, शृंगिकांच्या लगेच वर जो भाग आहे तो सबकॅलस, तो पुडीने माखलेला आहे की नागडा चकचकीत आहे हे काही गटांमध्ये एका फटक्यात निकाल देतं. पण इथेही झीज लक्षात ठेवा, घासला गेलेला सबकॅलस मुळातच चकचकीत असल्यासारखा वाटतो. घासल्याची खूण अशी की चमक एकसारखी नसते, कडेला कोपऱ्यात पूड शिल्लक राहिलेली असते.

मग फ्रॉन्टल इंडेक्स. पट्टीची उंची भागिले तिची तळाशी असलेली रुंदी. रुंद कपाळाच्या जातीत हा आकडा दोन-तीनच्या आसपास येतो, अरुंद कपाळाच्या जातीत पाच-सहा किंवा त्याहून वर. दोन जाती अगदी सारख्या दिसत असतील आणि एकीचा आकडा साडेतीन व दुसरीचा पाच असेल तर रंग काहीही म्हणोत, तुम्हाला धरायला काहीतरी मिळालं. फक्त ज्या तक्त्यावरून ओळखताय त्याने रुंदी कुठे मोजलीय ते आधी वाचा, कुणी तळाशी मोजतं कुणी मध्यावर, आणि वरती रुंदावणाऱ्या पट्टीत त्याने आकडा चांगलाच बदलतो. फोटोवरून मोजायचं तर फोटो कपाळाला काटकोनात हवा, जरा वरून घेतला तर उंची कमी भरते आणि इंडेक्स खोटा येतो.

कपाळानंतर शृंगिका. टॅबॅनस आणि हायबोमिट्रामध्ये तिसऱ्या भागाच्या बुडाची जी रुंद पाटी असते तिच्या वरच्या कडेला दात असतो. तो दात टोकदार आहे की बोथट, पाटी रुंद आहे की सडपातळ, किती भाग तांबडा आणि किती काळा. पुढे पाल्प, सोंडेच्या बाजूला असतात ते दोन फिकट अवयव, त्यांचं दुसरं पेर बुडाशी फुगीर आहे की सरळ बारीक, त्यावर काळे केस किती. एवढं झालं की मग पाय आणि पंख, आणि पोट सगळ्यात शेवटी.

भिंगवाली
पंखशीर दादा मस्त लिहिलंय. फोटोच्या बाजूने थोडी भर घालते, कारण डोळ्यांचे पट्टे राहून गेले आणि ते तर घोडमाशीचं सगळ्यात सुंदर अंग आहे. जिवंत माशीच्या डोळ्यांवर हिरव्या तांबड्या जांभळ्या पट्ट्या असतात, काहींना एक, काहींना तीन, काहींना मुळीच नाही. टॅबॅनस ब्रोमियसला एक पट्टी, हायबोमिट्राच्या बऱ्याच जातींना तीन, हिमॅटोपोटाला नागमोडी. माशी मेली आणि सुकली की हे सगळं जातं आणि डोळा एकसारखा काळपट होतो. त्यामुळे रानवाट, टाचणीवर लावायच्या आधी, जिवंत असताना नाहीतर मेल्यामेल्या लगेच डोळ्याचा फोटो घ्याच, नंतर हळहळण्यात अर्थ नाही.

हा रंग रंगद्रव्याचा नसतो. डोळ्यातल्या प्रत्येक भिंगाच्या वरच्या आवरणात अतिशय पातळ थर असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या खेळातून रंग दिसतो. सुकताना त्या थरांमधली अंतरं बदलतात म्हणून रंग जातो. आणि याच कारणामुळे कोन बदलला की पट्टीचा रंग बदलतो, हिरवी पट्टी निळी दिसेल, तांबडी जांभळी दिसेल. म्हणून पट्टीचा रंग लिहून ठेवण्यापेक्षा पट्ट्या किती, किती रुंद, आणि डोळ्याच्या आरपार जातात की मध्येच संपतात ते लिहा, ते कोनाने बदलत नाही. फ्लॅश थेट मारू नका, पांढरा कागद नाहीतर टिश्यू मध्ये धरून उजेड मऊ करा.

एका माशीचे फोटो घेताना मी हे कोन चुकवत नाही: बरोबर समोरून चेहरा, वरून सगळी माशी, बाजूने डोकं म्हणजे शृंगिका आणि पाल्प दोन्ही येतात, पोट खालून, आणि पंख सपाट पसरलेला. पाठीवरून काढलेला एकच सुंदर फोटो ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी असतो हे मनापासून सांगते.

रानवाट
अरे वा, एवढ्या वेगाने एवढी माहिती! पण माझ्या माश्या तर आधीच सुकल्यात. पट्ट्या परत दिसायचा काही मार्ग?

सूक्ष्मदर्शी
आहे. झाकणाच्या डबीत तळाशी ओला टिश्यू ठेवा, त्यावर माशी थेट टेकू देऊ नका, टाचणी स्पंजमध्ये खोचून डबी रात्रभर बंद ठेवा. ओलावा आत शिरला की थर पुन्हा फुगतात आणि पट्ट्या बरेचदा परत दिसतात, जिवंतपणीइतक्या झळाळत नाहीत पण मोजता येतात. लगेच फोटो घ्या कारण सुकल्या की पुन्हा जातात. फार दिवस डबीत ठेवू नका, बुरशी धरते. फार जुन्या किंवा अल्कोहोलमध्ये राहिलेल्या नमुन्यांत यश येईलच असं नाही. आणि ओल्या माशीच्या अंगावरची पूड नीट दिसत नाही, म्हणून सबकॅलस, पाठ, पोट हे सगळं सुकं असतानाच बघून घ्या, मग ओलावा द्या.

कीटकवेडा
काही जोड्या उदाहरणादाखल टाकतो, म्हणजे पंखशीर म्हणतायत ते प्रत्यक्षात कसं लागू होतं ते कळेल. युरोपातल्या घेतो कारण तिथल्या जातींवर सगळ्यात जास्त काम झालंय.

टॅबॅनस बोव्हिनस आणि टॅबॅनस सुडेटिकस. दोन्ही धिप्पाड, सुडेटिकस तर २५ मिमीपर्यंत जाते, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या माश्यांपैकी एक. बोव्हिनसचे त्रिकोण उंच, पोटाच्या प्रत्येक खंडाच्या पुढच्या कडेपर्यंत जवळपास पोचणारे, सुडेटिकसचे त्रिकोण बुटके, समभुज, कडेच्या बरेच अलीकडे थांबणारे. आणि जिवंत असताना बोव्हिनसचे डोळे हिरवे, सुडेटिकसचे तांबूस तपकिरी, दोघींनाही पट्ट्या नाहीत. त्यामुळे इथे पट्ट्या मोजून काही हाती लागत नाही, डोळ्याचा एकूण रंगच कामाला येतो.

हिमॅटोपोटा प्लुव्हियालिस आणि हिमॅटोपोटा क्रॅसिकॉर्निस. पंखांची नक्षी बघत बसलात तर दिवस जाईल. शृंगिका बघा, क्रॅसिकॉर्निसची पूर्ण काळी, प्लुव्हियालिसच्या तिसऱ्या भागाचं बूड तांबूस, आणि तिच्या पहिल्या भागाला टोकाच्या जरा अलीकडे खाच असते. संपलं.

क्रायसॉप्समध्ये मात्र पोटाचा दुसरा खंड खरंच बोलतो. कीक्युटियन्सच्या मादीत त्यावर उलट्या व्हीसारखा फाकलेला काळा डाग, रेलिक्टसमध्ये दोन लोंबते काळे गोळे, व्हिडुएटसमध्ये चौकोनी ठिपका. तरी दुजोरा पायांचा घ्या, कीक्युटियन्सच्या मधल्या पायाची नडगी काळी, रेलिक्टसची पिवळी.

पंखशीर
कीटकवेडा, क्रायसॉप्सबद्दल मान्य, तिथे पोटावरचा काळा रंग कातडीचाच असतो, केसांवर अवलंबून नसतो, म्हणून टिकतो. माझा मुद्दा राखाडी टॅबॅनस आणि हायबोमिट्रासाठी होता. पण बोव्हिनसच्या त्रिकोणांवर मी एकट्यावर विसंबणार नाही, झिजलेल्या बोव्हिनसचे त्रिकोण खुजे दिसू शकतात.

कीटकवेडा
म्हणूनच डोळ्याचा रंग जोडीला दिला :) पण हो, मेलेली आणि झिजलेली दोन्ही असेल तर कपाळ आणि शृंगिकेकडेच यावं लागणार.

गोठ्याचा_डॉक्टर
वाचतोय, आनंद झाला. पशुवैद्यकाच्या बाजूने विचारतो, एवढं बारीक ओळखून उपयोग काय असं मला लोक नेहमी विचारतात आणि मला त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

सर्रा रोग तुम्हाला माहीत असेल, घोडे आणि उंट त्यात दगावतात, गाई-म्हशी कधी लक्षण न दाखवता परजीवी बाळगतात. त्या परजीवीचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात घोडे आणि उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. घोडमाशी तो यांत्रिकपणे पसरवते, म्हणजे परजीवी तिच्या शरीरात वाढत नाही, चावताना तोंडाला रक्त लागतं, जनावर शेपूट मारतं, माशी अर्धवट जेवण सोडून शेजारच्या जनावरावर बसते आणि रक्तासकट रोग तिथे पोचतो. आता यात कुठलीही मोठी घोडमाशी चालते, म्हणून उपचार करताना जात माहीत असण्याने काही फरक पडत नाही हे खरंय. पण आळा घालायचा तर पडतो. कुठली जात कुठल्या महिन्यात उडते, दिवसाच्या कुठल्या वेळी चावते, पायाला बसते की पाठीला, तिच्या अळ्या कुठल्या चिखलात वाढतात, हे सगळं जातीगणिक बदलतं. दोन जाती एक समजून नोंदवल्या की हंगामाचा आलेख दोन शिखरांचा दिसतो आणि माणूस त्याचं भलतंच कारण शोधत बसतो.

आणि आफ्रिकेतला लोआ लोआ कृमी, माणसाच्या डोळ्यातून सरकताना दिसतो तो, तिथे तर माशीच्या शरीरात कृमीची वाढ होते त्यामुळे वाहक जातच महत्त्वाची. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात क्रायसॉप्स सिलेसिया आणि क्रायसॉप्स डिमिडिएटा या दोन जवळच्या जाती मुख्य वाहक आहेत. सिलेसिया लाकडाच्या धुराकडे ओढली जाते, म्हणून जंगलात शेकोटी पेटवली की माणसाला जास्त चावते.

नवखी_निरीक्षक
बापरे धुराकडे! धुराने माश्या पळतात असंच आजवर ऐकलं होतं. सर्रा पसरवणाऱ्या माश्यांत पण अशा न ओळखू येणाऱ्या जोड्या आहेत का?

सूक्ष्मदर्शी
आहेत, आणि हे उदाहरण या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. टॅबॅनस स्ट्रायटस. फॅब्रिशियसने १७८७ मध्ये नाव दिलेली, दक्षिण आणि आग्नेय आशियातली पोटावर उभे पट्टे असलेली माशी, सर्राच्या संदर्भात जुन्या कागदपत्रांत सगळीकडे हेच नाव. पण १९८१ मध्ये बर्गर आणि थॉम्पसन यांनी या गटाचा नव्याने आढावा घेतला आणि त्यात स्ट्रायटसच्या जोडीला मेगॅलॉप्स, पार्टिटस, ट्रायसेप्स अशा जाती वेगळ्या मांडल्या. माद्या इतक्या सारख्या की नुसत्या मादीवरून बरेचदा ठामपणे सांगता येत नाही. मदतीला येतात नर. घोडमाशीच्या नराच्या डोळ्यात वरच्या भागातली भिंगं मोठी आणि खालची लहान असतात, आणि मोठ्या भिंगांचा तो भाग किती पसरलाय आणि भिंगं किती मोठी आहेत हे जातीप्रमाणे बदलतं. मेगॅलॉप्सच्या नराची वरची भिंगं खूपच मोठी असतात.

म्हणून मागे नराचा विषय निघाला तेव्हा थांबलो होतो. बहुतेक तक्ते मादीसाठी असतात हे बरोबर, पण जिथे माद्या हात टेकायला लावतात तिथे नर सोडवतो. अडचण ही की नर रक्त पीत नाही, फुलांचा रस पितो, त्यामुळे गुरांजवळ येत नाही आणि जनावराच्या आकाराच्या सापळ्यातही क्वचित सापडतो. पहाटे मोकळ्या जागी किंवा टेकडीच्या माथ्यावर हवेत स्थिर तरंगणारे नर शोधावे लागतात, नाहीतर मॅलेझ जाळी लावून वाट बघावी लागते, ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच अडवते.

वाटसरू२
माझा एक प्रश्न. इतर माश्यांमध्ये नराची जननेंद्रियं बघून जात ठरवतात ना? इथे ते का नाही?

पंखशीर
चांगला प्रश्न. घोडमाश्यांत ती रचना जीनसभर बऱ्याच अंशी सारखी असते, त्यामुळे इतर माश्यांच्या गटांत जो हुकमी उपाय आहे तो इथे फार कमी ठिकाणी चालतो. म्हणून तर एवढा भार कपाळ आणि शृंगिकेवर.

वाटसरू२
मग सरळ डीएनए करून टाकावं. एक पाय पाठवला की नाव हातात. एवढं कपाळ मोजत कशाला बसायचं?

सूक्ष्मदर्शी
मी स्वतः त्याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण हा समज फार पसरलाय. बारकोडिंगमध्ये सीओआय या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि तो आधीच साठवलेल्या तुकड्यांशी ताडून बघतात. हे तंत्र २००३ पासून जोरात आलं आणि खरंच उपयोगी आहे, नर आणि मादीची जोडी लावायला तर फारच, अळीवरून जात ओळखायलाही, कारण अळ्यांचे तक्ते फार थोड्या जातींचे आहेत. पण तीन गोष्टी. एक, साठ्यातला तुकडा ज्या माशीचा आहे तिचं नाव कुणीतरी कपाळ बघूनच लावलेलं असतं, ते चुकलं असेल तर यंत्र तुम्हाला तीच चूक परत देणार. दोन, नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींमध्ये हा तुकडा एकसारखा असू शकतो, दिसायला वेगळ्या आणि बारकोडला एकच. तीन, उलटंही होतं, एकाच जातीत दोन दूरचे तुकडे सापडतात. दोन टक्के फरक म्हणजे वेगळी जात असले नियम मी मानत नाही.

तरी रेणूंचा आधार घेऊन सुटलेलं एक सुंदर प्रकरण आहेच. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर खाऱ्या दलदलीत हिरव्या डोळ्यांची टॅबॅनस नायग्रोव्हिटॅटस असते. ती एकच जात धरली जायची. १९८१ मध्येच, म्हणजे बारकोडच्या कितीतरी आधी, एन्झाइमांच्या इलेक्ट्रोफोरेसिसने (विजेच्या प्रवाहात रेणू वेगळे करायचं तंत्र) दाखवलं की त्यात दोन जाती मिसळल्यात ज्या आपसात संकर करत नाहीत, दुसरी टॅबॅनस कॉन्टर्मिनस. एकाच दलदलीत दोन्ही. एकदा वेगळ्या आहेत हे कळल्यावर मग लोकांनी बाह्य लक्षणं परत तपासली. हा क्रम मला आवडतो, रेणूंनी इशारा द्यायचा आणि मग परत भिंगाखाली जायचं.

वाटसरू२
पटलं. म्हणजे पायही ठेवायचा आणि कपाळही मोजायचं.

भिंगवाली
+१ सूक्ष्मदर्शी. अवांतर: टॅबॅनस जीनस लिनियसने १७५८ मध्ये मांडला आणि एवढ्या वर्षांनीही त्यात नवीन जाती वेगळ्या होतायत हे वाचून मला भारी वाटतं.

रानवाट
मंडळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या माश्या परत भिंगाखाली घेतल्या, आधी सुक्या, मग डबीत ओलावा देऊन. लिहितो.

तांबूस बाजूंच्या ज्या आहेत त्यांच्या डोळ्यांवर कडेच्या उजेडात केस दिसले, माथ्यावर उंचवटाही आहे आणि ओलावल्यावर डोळ्यावर तीन पट्ट्या उमटल्या, काय देखणं दृश्य होतं ते! म्हणजे त्या हायबोमिट्रा ना? बिनतांबूस ज्या आहेत त्यांचे डोळे तुळतुळीत, उंचवटा नाही, एकच पट्टी, खालचा कॅलस चौकोनी आणि डोळ्यांना जवळजवळ टेकणारा. त्यातल्या एकीचा सबकॅलस चमकतो पण कोपऱ्यात पूड आहे, पंखशीर म्हणाले तसं, म्हणून तिला घासलेली धरलं. आणि एक माशी जिला मी वेगळी तिसरी जात समजून बाजूला ठेवली होती तिचे डोळे चिकटलेले आहेत, नर आहे.

पंखशीर
अभिनंदन, हे निरीक्षण कुठल्याही तक्त्यात टाकण्याजोगं आहे. हो, पहिला गट हायबोमिट्रा. दुसरा टॅबॅनस, एक पट्टीवाल्यांपैकी, ब्रोमियसच्या आसपासचा गट म्हणून नोंदवा. "आसपासचा गट" हे मुद्दाम म्हणतोय. त्या गटात जातीपर्यंत जायला फ्रॉन्टल इंडेक्स, शृंगिकेच्या पाटीचा आकार आणि पाल्प हे तिन्ही एकाच दिशेने बोलायला हवेत. दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे असेल तर गटाचं नाव लिहून थांबायचं. मला तर वाटतं की नोंदीत गटापर्यंतचं बरोबर नाव हे जातीच्या अंदाजाने लावलेल्या नावापेक्षा दहा पटीने कामाचं, कारण गटाची नोंद पुढे कुणीही सुधारू शकतो, चुकीच्या जातीची नोंद मात्र नकाशांत जाऊन बसते आणि तिथून काढणं महाकठीण.

हायबोमिट्राच्या बाबतीत अजून एक बघा, पंखाच्या बुडाच्या जरा पुढे छातीच्या कडेला एक छोटा फुगवटा असतो, नोटोप्लुरल लोब. तो काळा आहे की तपकिरी हे बऱ्याच तक्त्यांत विचारतात. हेही थोडं बदलतं, पण शृंगिकेच्या रंगासोबत धरलं तर पर्याय बरेच कमी होतात.

नवखी_निरीक्षक
टाचणी कुठे टोचायची ते पण सांगा ना, मी पहिल्यांदाच करणार आहे. आणि अल्कोहोलमध्ये ठेवलं तर नाही का चालणार?

सूक्ष्मदर्शी
पूर्ण माशी अल्कोहोलमध्ये नको, केस चिकटतात, पूड धुतली जाते आणि वर जी जी लक्षणं सांगितली त्यातली निम्मी निघून जातात. टाचणी छातीतून, मध्यरेषेच्या जरा उजवीकडे, म्हणजे डावी बाजू अख्खी राहते आणि मधल्या खुणाही फुटत नाहीत. पंख पोटावरून बाजूला सारून ठेवा. डीएनएसाठी टोचायच्या आधी एका बाजूचा मधला पाय चिमट्याने काढून ९५ टक्के अल्कोहोलच्या छोट्या कुपीत थंड जागी, आणि कुपीवर व टाचणीवर एकच क्रमांक. पाय उजव्या बाजूचाच काढा, टाचणीही उजवीकडेच असते, डावीकडचं सगळं शाबूत राहतं. क्रायसॉप्स असेल तर मागच्या पायाला हात लावू नका, नडगीवरचे काटे लागतील. लेबलवर तारीख, जागेचे अक्षांश रेखांश, उंची, कुणी पकडली आणि कशावर बसली होती ते. जिवंतपणी डोळ्यावर किती पट्ट्या होत्या तेही तिथेच लिहा, शिसपेन्सिलीने, शाई पसरते.

रानवाट
नराचं काय करू? त्याला कुठल्या गटाशी जोडू?

पंखशीर
डोळ्यांवर केस आहेत का?

रानवाट
आत्ता बघितलं. आहेत, आणि चांगले लांब. वरची भिंगं खालच्यांपेक्षा थोडीच मोठी दिसतात, मधली सीमारेषा फार ठळक नाही.

पंखशीर
मग बहुधा हायबोमिट्राचा नर, तुमच्या पहिल्या गटाशेजारी ठेवा पण त्याच नावाखाली नको. त्याच्या आणि एका मादीच्या पायाचं बारकोड करून घेता आलं तर जोडी लागते का ते कळेल. तोवर लेबलवर "हायबोमिट्रा, नर, जात अनिश्चित".

सूक्ष्मदर्शी
पाय काढून ठेवा, पुढच्या बॅचमध्ये घेतो. व्यनि करतो.